भरमूचे हात आणि जिनिव्हाचे बूट

जिनिव्हा येथे जमलेल्या थोर थोर राष्ट्रांनी कामगारांच्या हातांचे विषारी रसायनांपासून रक्षण करण्याचा ठराव संमत केला, तेव्हा वडगावच्या भरमूचे हात रंगाच्या काहिलीत कोपरापर्यंत बुडालेले होते. त्याला ही बातमी कळली नाही. बेळगावातल्या आमच्या छोट्या कचेरीला ती साडेतीन वर्षांनी कळली. मधल्या काळात ठराव ज्या कपाटात होता त्याची किल्ली माझ्याकडे असल्याने विलंबाची चौकशीही माझ्याकडेच सोपवण्यात आली. मी स्वतःला लेखी समज दिली आणि कामाला लागलो.

भरमू अकरा वर्षे आण्णाप्पाशेठच्या कारखान्यात लुगड्यांचे सूत रंगवीत होता. कारखाना हद्दीच्या दगडाच्या अलीकडे, इंग्रजी मुलखात. दगडाच्या पलीकडे संस्थान. पलीकडच्या हातांशी जिनिव्हाचा काही संबंध नव्हता, तेव्हा भरमू तसा नशीबवानच म्हणायचा. रंग पक्का बसावा म्हणून काहिलीतल्या पाण्यात लाल खडे टाकत. त्याने सूत रंगायचे, हात रंगायचे आणि मग हातांना भोके पडायची. भरमूच्या डाव्या हाताची बोटे आखडून गेली होती, उजवा कसाबसा चालत होता. शेठचा नियम एकच: ज्याला सुताच्या लडीची गाठ मारता येत नाही, त्याने घरी जावे.

ठरावात रबरी हातमोज्यांची तरतूद आहे, हे कुठूनसे कळल्यावर भरमू बायकोला, अंजनीला, घेऊन कचेरीत आला.

"रावसाहेब, दसऱ्यापतोर मोजं गावलं तर ह्यो उजवा वाचंल," तो म्हणाला. "ह्यो गेला की मी बी गेलोच."

मी त्याचे हात पाहिले. मला वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. म्हणून मी त्याला लगेच अर्जाचा कागद दिला.

अर्जात एक्केचाळीस रकाने होते. विषाच्या रकान्यापाशी पहिली अडचण आली.

"शिसं आहे का तुमच्याकडं?"

"न्हाय."

"पारा?"

"लाल खडं हायत, रावसाहेब."

"लाल खडे यादीत नाहीत. थोडं तरी शिसं असतं तर बरं झालं असतं."

भरमू ओशाळला. मी 'इतर' असे लिहून त्याची सोय केली. मग सहीचा प्रश्न आला. भरमूला मराठी येते, कानडी येते, बाजारापुरती हिंदीही येते. सही मात्र तिन्हींत येत नाही. मी अंगठा पुढे करायला सांगितले. शाई लावायची गरजच नव्हती, तो आधीच निळा होता. कागदावर नुसता डाग उमटला.

"रेघा कुठं आहेत?"

"हुत्या की. रंगात गेल्या."

"मग हा अंगठा तुझाच कशावरून?"

भरमूने अंगठा ओढून खात्री केली. "माझ्याच हाताला हाय, रावसाहेब."

"ते मला दिसतंय. कागदाला दिसत नाही."

डाव्या अंगठ्याची तर गोष्टच नको. भरमू खाली बसला. तेव्हा अंजनी म्हणाली, "ह्यांच्या पायाच्या अंगठ्याला हायत की रेघा. त्यो चालंल का बघा."

बाई हुशार. मी नियमांचे पुस्तक काढले. नियम एकोणीस: अर्जदारास हात नसल्यास पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा. मी शेऱ्यात लिहिले, 'अर्जदारास हात नाहीत.' भरमूने अंजनीच्या खांद्यावर हात टाकून माझ्या टेबलावर पाय ठेवला. ठसा इतका सुरेख उमटला की मी दोन प्रती काढल्या.

दीड महिन्याने वरून उत्तर आले. 'अर्जदारास हात नसताना त्याने हातमोजे मागावेत, हे चमत्कारिक वाटते. तथापि त्यास पाय असल्याचे सोबतच्या ठशावरून सिद्ध होते. सबब त्याच्या पायांचे तातडीने रक्षण करण्यात यावे.' सोबत गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट होते, एक जोड, विलायती. भरमूने जन्मात पायात वहाणसुद्धा घातली नव्हती.

त्याने बूट उलटेसुलटे करून पाहिले. "चालत्यात की," म्हणाला आणि हातांत घालून गेला.

चार दिवस तो हातांत बूट घालून सूत ढवळत होता. वाटेत भेटला तेव्हा सांगत होता, "आग लई कमी झालीया, रावसाहेब." माझा ऊर भरून आला. जिनिव्हाला आमच्या कचेरीची मान ताठ राहिली, असे मला वाटले.

पाचव्या दिवशी कारखान्यांचे निरीक्षक तपासणीला आले. मी फाईल धरून मागे उभा होतो.

"हे काय? पायातले बूट हातांत?"

"हात वाचत्यात, सायेब."

"कोणाचे हात?" साहेबांनी माझ्याकडून कागद घेतला. "तुला हात नाहीत."

भरमूने बूट काढून दोन्ही हात त्यांच्या नाकापुढे धरले. "मग ह्ये काय हाय?"

साहेबांनी हात पाहिले, कागद पाहिला, शेरा कोणाचा आहे हेही पाहिले. मी अक्षर ओळखीचे नसल्यासारखा उभा राहिलो. मी बोललो असतो तर शेरा खोटा ठरला असता, आणि माझ्या नोकरीला बावीस वर्षे झाली होती.

"बूट पायांसाठी मंजूर आहेत," साहेब म्हणाले. "पायात घाल, नाहीतर परत घेऊ."

त्या दिवसापासून भरमू पायांत गुडघ्यापर्यंत बूट घालून उघड्या हातांनी रंगात काम करू लागला. नियमभंग थांबला.

दसऱ्याला कारखान्यात हत्यारांची पूजा झाली. शेठने बूटही पाटावर मांडले, त्यांना हळदकुंकू लावले. दुसऱ्या दिवशी भरमूला लडीची गाठ मारता आली नाही. तीनदा प्रयत्न करून त्याने लड खाली ठेवली आणि कोणी काही म्हणायच्या आत तो घराकडे निघाला. त्याच्या जागी अंजनी लागली. बूट तिला फार मोठे होतात.

मी वार्षिक अहवाल पाठवला: रसायनाने बाधित हात, शून्य. हा आकडा खरा होता, कारण भरमू आता कामगार नव्हता आणि कागदावर त्याला हातही नव्हते. जिनिव्हाहून अभिनंदनाचे पत्र आले, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला फ्रेंच. आम्ही इंग्रजी बाजू दिसेल असे ते चौकटीत बसवून भिंतीला लावले.

पुढल्या वर्षी दिवाळीला बायकोसाठी लुगडे घ्यायला शहापुरात गेलो. दुकानदाराने आण्णाप्पाशेठच्या सुताचे निळे लुगडे उलगडले. भरमूचे हात मी डोळ्यांनी पाहिले होते, अंजनी त्या घटकेला काहिलीपाशी उभी असणार हेही मला ठाऊक होते. मी लुगड्याचा पदर बोटांत चोळला आणि विचारले, "रंग जात नाही ना?"

"रंगवणाऱ्याच्या हातावरनं अकरा वर्सांत गेला न्हाय, साहेब," दुकानदार म्हणाला.

मी निर्धास्त झालो आणि लुगडे बांधून घेतले. तुम्ही मला हसताय, हसा. पण माझ्याच शेजारी गादीवर बसून तुम्हीही एक लुगडे घेत होतात, आणि तुम्ही त्याला दुसरे काही विचारलेले मला तरी ऐकू आले नाही.