खरात काका आणि त्यांच्या काठ्यांचे मालक

आमच्या कॉलनीत खरात काका संध्याकाळी फिरायला निघाले की कुणी त्यांना ‘काय काका, बरं आहे ना’ असं विचारत नाही. ‘आज कोण?’ असं विचारतात.

आणि काका सांगतात. ‘आज वकील हायेत.’ किंवा, ‘आज सुभेदार. जरा बाजूनं चाला, त्यांना आडवं आलेलं खपत नाय.’

काका सत्तरी ओलांडलेले, उंच, काटकुळे, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. पडेगावात, दौलताबादला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमची कॉलनी आहे. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यांना जुन्या काठ्यांचा नाद आहे. छावणीचा आठवडी बाजार, शहागंजातली भंगाराची दुकानं, पाडायला काढलेली निजामाच्या काळातली घरं, कुठंही जुनी काठी निघाली की काकांना कळतं आणि काका तिथं हजर. शिसवी, वेताची, चांदीच्या मुठीची, घोड्याच्या तोंडाची. एकीची मूठ फिरवली की आत तपकिरीची डबी निघते. बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात मोठा रांजण ठेवलाय, त्यात सगळ्या उभ्या असतात. लग्नाच्या पंगतीत जागा मिळायची वाट बघत लोक उभे असतात ना, तशा.

पण ‘काका काठ्या जमवतात’ असं म्हटलेलं त्यांना चालत नाही. ‘काठी काय, दुकानात मिळती,’ ते म्हणतात. ‘मी माणूस आणतो.’

नवी काठी आणली की ते ती लगेच टेकत नाहीत. मांडीवर घेऊन बसतात. मुठीवर कुणाच्या तरी अंगठ्यानं वर्षानुवर्षं घासून पडलेला खळगा असतो, त्यात स्वतःचा अंगठा ठेवून बघतात. टोकाची पितळी शेंबी कुठल्या बाजूनं झिजलीय ते बघतात, म्हणजे मालक कुठल्या अंगाला रेलायचा ते कळतं. मग अंगणात येरझाऱ्या. कधी दोन-चार दिवस, कधी महिना. आणि एके दिवशी ते कुंपणावरून मला सांगतात, ‘सूनबाई, आले.’ म्हणजे मालक आले. त्या संध्याकाळी काका त्या माणसाच्या चालीनं बाहेर पडतात.

वकील असले की काकांना नसलेलं पोट पुढं येतं. चालता चालता ते थांबतात, काठी उचलतात आणि हरकत घेतात. एकदा त्यांनी भाजीवाल्याच्या ‘ताजी मेथी’मधल्या ‘ताजी’ या शब्दावर इतका वेळ हरकत घेतली, की तेवढ्यात मेथी खरंच शिळी झाली. हवालदार असले की प्रत्येकाच्या गेटवर ठकठक होते. जालन्याकडच्या कुण्या जमीनदाराची काठी असली, की आयुष्यात थेंबाला न शिवलेले काका रस्ताभर झोकांड्या खातात. दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन सांगतात, ‘त्यांच्या वतीनं माफी मागतो. ते असेच व्हते म्हणं.’

नवे भाडेकरू हसतात. आम्ही जुने लोक हसत नाही, कारण आम्ही कुत्री बघितलीत.

कॉलनीतली कुत्री काकांना ओळखतात, रोज त्यांच्या हातची भाकरी खातात. पण सुभेदारांची काठी असली की तीच कुत्री शेपूट पायात घालून गाड्यांखाली शिरतात. आणि एका काळ्या, गाठीगाठीच्या काठीला तर ती लांबूनच गुरगुरतात. ती काठी काका घरात ठेवत नाहीत. अंगणातल्या लिंबाच्या झाडाला सुतळीनं बांधून ठेवतात.

‘हिला का बाहेर?’ मी एकदा विचारलं होतं.

‘हिचा मालक चालायला वापरत नव्हता हिला,’ काका म्हणाले. ‘माणसांवर वापरायचा.’

एकदा दुपारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. उन्हाळ्याचे दिवस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होता. टक, पाऊल. टक, पाऊल. काका नवीन काठी घेऊन फिरतायत असं वाटून मी हाक मारली. आवाज थांबला. मी पुन्हा हाक मारली, तर उत्तर माझ्या पाठीमागून आलं. ‘काय सूनबाई?’ काका रस्त्यावरून येत होते, हातात दुधाची पिशवी.

‘आत कोण आहे?’ मी विचारलं.

‘आत कोण असणार?’ काकांनी मान तिरकी करून ऐकलं. आत आता काहीच वाजत नव्हतं. ‘उंदीर असत्याल,’ ते म्हणाले. मग चपला काढल्या, सदरा नीट केला आणि स्वतःच्याच दारावर दोनदा टकटक करून, जरा थांबून, आत गेले.

मी डबा पायरीवर ठेवून परत आले.

आमचे सासरे, नाना, गेले तेव्हा त्यांची काठी दाराआड राहिली. काही मोलाची नव्हती. वाकड्या मुठीची साधी वेताची, खुब्याच्या ऑपरेशननंतर घेतलेली. पण सासूबाईंना ती बघवेना. त्यांनीच एक दिवस कुंपणाजवळ उभं राहून काकांना हाक मारली.

‘भाऊजी, ही घेऊन जा. दाराआड उभी ऱ्हाती, अन् मला सारखं वाटतं, हे चप्पल शोधायलेत.’

काकांनी काठी दोन्ही हातांनी घेतली. नेहमी नवी काठी मिळाली की त्यांचा चेहरा खुलतो. त्या दिवशी खुलला नाही.

पुढं बरेच दिवस ते अंगणात नानांची काठी घेऊन फिरायचे आणि मान हलवायचे. ‘येईनात,’ मला म्हणायचे. ‘वळखीचं माणूस लवकर येत नाय. लाजतं.’

मग एका संध्याकाळी सासूबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी शाळेत शिकवून नुकतीच आले होते, बजाजनगरहून गाडी चालवून चालवून डोकं उठलं होतं, दारात पाणी पीत उभी होते. रस्त्यावरून आवाज आला. टक, पाऊल, आणि मागून डाव्या चपलेची लांब फरफट. पुन्हा टक. गेटपलीकडे थांबून कुणीतरी घसा खाकरला.

सासूबाईंनी मान वर केली नाही. मेथीची काडी मोडत म्हणाल्या, ‘आलात? लई उशीर केला.’

माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. गेटमधून आत आले ते खरात काका होते. केस काकांचे, सदरा काकांचा. पण उजवा खांदा खाली पडलेला होता, तो नानांचा. त्यांनी कडी लावली आणि लागली की नाही ते बघायला गेट दोनदा हलवलं. मग येऊन सिमेंटच्या बाकावर बसले, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून. सासूबाईंनी आत जाऊन चहा केला. काकांना पित्ताचा त्रास, ते चहाच्या वाटेला जात नाहीत. त्यांनी तो बशीत ओतून फुंकत फुंकत प्यायला, बशी कपावर पालथी घातली आणि उठून गेले. टक, पाऊल, फरफट.

‘आई,’ मी जपून म्हणाले, ‘ते खरात काका होते.’

‘डोळे हायेत मला,’ सासूबाई कप विसळत म्हणाल्या. ‘भाऊजीच व्हते. पण चालत आले ते हे.’

नाना बशी पालथी घालायचे हे काकांनी कधी बघितलं असेल, नसेल. शेजारी शेजारी इतकी वर्षं काढली, बघितलंच असेल. मी स्वतःला असं समजावलं आणि त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपले.

पुढं हे अधूनमधून होऊ लागलं. सासूबाई संध्याकाळी ओट्यावर बसायला लागल्या. केस नीट विंचरायला लागल्या. कॉलनीत कुजबूज सुरू झाली, ती माझ्या नवऱ्याच्या, प्रकाशच्या कानावर गेली. तो भडकला. ‘माझा बाप गेलाय,’ तो म्हणाला. ‘त्याची कुणी नक्कल केलेली मला चालणार नाही. उद्या जाऊन काठी परत आणतो.’

दुसऱ्या दिवशी रविवार होता. एकटा गेला तर भांडण वाढेल म्हणून मीही सोबत गेले. काकांनी दार उघडलं. त्यांच्या हातात काठी नव्हती. डावा हात भिंतीला टेकलेला होता.

प्रकाशनं पाठ केल्यासारखं सगळं एका दमात सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘बरोबर हाय तुझं,’ ते म्हणाले. ‘घेऊन जा. थांब, देतो काढून.’

नानांची काठी समोरच्या कोपऱ्यात, रांजणात होती. काका तिकडं वळले. एक पाय उचलला आणि तो तसाच वर राहिला. खाली टेकवला. दुसरा उचलला. तोही तसाच. भिंतीला धरून ते जागच्या जागी उभे होते आणि कपाळावर घाम आला होता.

प्रकाशचा राग उतरला. ‘पाय दुखतोय का काका? गाडी काढू, डॉक्टरकडं जाऊ.’

‘नक्को. पाय चांगलाय.’ काका आमच्याकडं न बघता म्हणाले. ‘कसा टाकायचा ते कळंना. काठी हातात धरली की कळतं, ज्याची त्याची चाल येती. पण नुसतं असलं की… माझी कशी व्हती, ते आठवना गेलंय.’

रांजणातल्या काठ्यांच्या मुठी सगळ्या आमच्याच दिशेला होत्या. मघाशीही तशाच होत्या का, ते मला सांगता येणार नाही.

‘सुमन गेली अन् घरात आवाजच ऱ्हायला नाय,’ काका म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची बायको. ‘म्हणून पहिली काठी आणली. फरशीवर कुणाचं तरी पाऊल वाजावं म्हणून. मग एकेक येत गेले. मी येऊ दिले.’ मग माझ्याकडं वळून त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, ‘सूनबाई, तुमी तर रोज बघता. मी कसा चालायचो?’

मी आठवून बघितलं. मला वकील आठवले, सुभेदार आठवले, तो झोकांड्या खाणारा जमीनदार आठवला. काका आठवले नाहीत. प्रकाश तर इथंच लहानाचा मोठा झालेला. तोही माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

आम्ही त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि काठी न घेताच घरी आलो. प्रकाशनं आईला सगळं सांगितलं. नाना गेल्यापासून सासूबाई गेटच्या बाहेर पडल्या नव्हत्या. त्यांनी ऐकलं, पदर खोचला, आणि थेट खरातांच्या घरी चालू लागल्या. मी मागं.

काका खुर्चीवरच होते. हाताशी वकिलांची काठी घेतलेली, उठायला.

‘ती ठेवा खाली,’ सासूबाई म्हणाल्या आणि समोरच्या पलंगावर बसल्या. ‘भाऊजी, तुमची चाल मला ठावं हाय.’

काकांनी काठी सोडली नाही.

‘सुमन आजारी पडल्यावर तुमी कामावरून यायचे तवा गेटपाशीच चपला काढून हातात घ्यायचे. तिची झोप लई हलकी. नुसती कडी वाजली तरी दचकून उठायची, अन् मग रातभर डोळ्याला डोळा नाय. तुमी कडीला चिंधी गुंडाळली व्हती. टाच वर धरून, चवड्यावर चालायचे. चांगली आठ-दहा वर्षं. ती मला म्हणायची, वैनी, हे कवा आले मला कळतच नाय. डोळे उघडले की समोर उभे असत्यात. तुमची चाल कुणाला आठवंल कशी? तिला आवाजच नव्हता.’

काकांच्या हातातून वकिलांची काठी सुटली. फरशीवर पडून घरंगळत भिंतीपर्यंत गेली. ते बराच वेळ स्वतःच्या पावलांकडं बघत बसले. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उठले. मी पुढं झाले, तर सासूबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

काकांनी टाच उचलली. चवडा टेकवला. एका हातानं जवळची हवा चाचपडत, मग तोही हात खाली सोडून, ते निघाले. खोलीतून ओट्यावर, ओट्यावरून अंगणात. पाचोळा पडला होता लिंबाचा, त्यावरूनही गेले.

सासूबाई पलंगावर डोळे मिटून बसल्या होत्या, मान किंचित तिरकी करून.

‘आई,’ मी हळूच विचारलं, ‘येतंय का काही ऐकू?’

‘नाय,’ त्या म्हणाल्या. ‘बराबर चाललेत.’