फोनीची व्युत्पत्ती

औरादला लेक-जावयासह जेवणं चालली असताना निवृत्त शिरस्तेदार नरहररावांनी इंग्रजी पेपरातला 'फोनी' हा शब्द मोठ्यानं वाचला आणि अर्थही सांगून टाकला. "फोनवरून फसवतो तो फोनी. सोपंय की."

जावई सुधींद्र कॉलेजात इंग्रजी शिकवत. चुकीचा अर्थ त्यांच्या घशाखाली उतरेना. "तसं न्हाई, मामा. फोनी म्हणजे बनावट. फोनचा संबंधच न्हाई. मूळ आयरिश शब्द 'फॉनी', म्हणजे अंगठी. जुने भामटे पितळी अंगठीला सोन्याचा मुलामा द्यायचे, अन् रस्त्यात सापडली म्हणून विकायचे."

"ओळखायची कशी?" सासूबाई नलिनीबाईंनी विचारलं.

प्रश्न आला की सुधींद्रना राहवत नसे. "मुलामा उडाला की बोट हिरवं होतंय."

सगळ्यांची नजर वरणभात कालवणाऱ्या त्यांच्या बोटाकडे गेली. अंगठीखाली हिरवं वळं उमटलं होतं.

अंगठी नरहररावांनी जावयाला लग्नात घातलेली. लेक सुकन्येनं घास खाली ठेवला. "म्हणजे माझे अप्पा भामटे?"

"मी कुठं म्हणायलोय?"

"मग बोट काय म्हणायलंय?"

खरं असं, की लग्नातली अंगठी गेल्या वर्षी अफजलपूरला भीमेत पोहताना गेली होती. बायकोला कळू नये म्हणून सुधींद्रनी डबीवरचं नाव बघून त्याच मृत्युंजय सराफाकडून ही मुलाम्याची करून घेतली होती. बोलावं तर आपण फोनी, गप्प बसावं तर सासरे. सुधींद्रनी सासऱ्यांना फोनी राहू दिलं.

"मृत्युंजय सराफाला दाखवू," नलिनीबाई म्हणाल्या. "ह्यांच्या नावाला बट्टा नको."

"कामून उगं?" सुधींद्र म्हणाले.

"घरातली गोष्ट पेठेत कामून न्यायची?" नरहररावही तितक्याच घाईनं म्हणाले. सासऱ्यांच्या मनाचा मोठेपणा पाहून जावयाला भरून आलं.

बायकांनी ऐकलं नाही. संध्याकाळी चौघं दुकानात उभी होती.

मृत्युंजयनं कसोटीचा दगडही काढला नाही. "ही व्हय? पितळच की. सरांनीच करून नेली."

सुधींद्रना भीमेची हकिगत सांगावी लागली. नरहरराव उसळले. "तोळ्याचं सोनं नदीत घालवलाव, अन् हिरवं बोट माझ्याकडं दाखवलाव?" जावयानं मान खाली घातली.

सुकन्या मात्र अंगठी निरखत होती. "पण पहिली नदीत असताना नक्षी हुबेहूब कशी जमली वो?"

कसबाची तारीफ ऐकून मृत्युंजय खुलला. "साचा होता की, अक्का. पहिलीबी आमच्याकडचीच. पितळ तेच, मुलामा तोच, भावबी तेवढाच लावला."

नरहररावांनी न वाजलेला फोन कानाला लावला आणि "हां, बोला" म्हणत ते दुकानाबाहेर पडले.