साळूताईचं रॉकेट आणि चार हार

एका जंगलात, मार्गशीर्षातल्या पंचमीला, सकाळी आभाळ स्वच्छ होतं. वारा पश्चिमेचा, पळसाचं पान हलेल एवढाच. बाळांनो, रॉकेट उडवायला याहून चांगला दिवस नसतो.

रॉकेट साळूताईचं होतं. साळूताई म्हणजे साळिंदर. शाळेत कधी गेली नाही, चुकत चुकत शिकली. बांबूची नळी, वाळक्या भोपळ्याचं टोक, शेपटाला सागाच्या फळीचे तीन पंख आणि पोटात कोळ्यांकडून विणून घेतलेली छत्री. रॉकेट वर गेलं की छत्री उघडणार आणि ते अलगद खाली येणार.

तिने ते दोरीला बांधून डोक्याभोवती गरागरा फिरवून पाहिलं होतं. टोक पुढे राहिलं. म्हणजे तोल बरोबर. टोक जड आणि शेपूट हलकं, तरच रॉकेट सरळ जातं.

प्रश्न माळाचा होता. जंगलात मोकळा माळ एकच. रॉकेट सरळ वर जाऊन धड परत आलं, तर माळ साळूताईला मिळणार. नाही तर तिथे गव्यांना लोळायला चिखल होणार. तसं सरपंच गवेअण्णांनी ठरवलं होतं. अण्णा स्वतः गवा होते, पण निःपक्षपाती होते. तसं ते स्वतःच म्हणत.

आता त्या जंगलात हार घातल्याशिवाय काही सुरूच होत नसे.

"अध्यक्षांच्या शुभहस्ते रॉकेटला हार!" टिटवीने पुकारलं.

अण्णा शिंगांवर झेंडूचा हार घेऊन आले. ओला, चांगला जाडजूड.

"अण्णा, टोकाला घाला हं," साळूताई म्हणाली.

"टोक केवढं उंच ठेवलंयस! माझी मान पोचेना."

"मी उडून घालते की," टिटवी म्हणाली.

"मग अध्यक्ष तू का मी?"

टिटवीने पंख मिटले.

"मग रॉकेटला नको, मला घाला," साळूताई म्हणाली.

"तुला? काटे बघ अंगावर. फुलांचं वाटोळं होईल."

आणि अण्णांनी हार शेपटाच्या पंखात अडकवला. अध्यक्षांनी घातला तिथेच बाकीच्यांनी घालायचा, अशी पद्धत होती. मग उपाध्यक्षांनी घातला. मग माजी अध्यक्षांनी. मग त्यांच्या सौभाग्यवतींनी.

"अहो, शेपूट जड झालं! निदान पूजेला आणलेला तो नारळ तरी टोकात ठेवू द्या."

"नारळ फोडायचा असतो, ताई," अण्णा म्हणाले. " एवढं रॉकेट बनवलंस आणि हे माहीत नाही?"

"मग हार काढते."

सभा हादरली. "अध्यक्षांचा हार काढणार? काही लाज?"

नारळ फुटला. अण्णांनी वात पेटवली.

रॉकेट ताडाएवढं चढलं. तिथे टोक कलंडलं आणि रॉकेट आडवं सुटलं. सभेसाठी घातलेल्या मांडवाभोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या.

"प्रदक्षिणापण आहे होय!" मागच्या रांगेतून कुणीतरी हात जोडले.

तिसऱ्या फेरीला छत्री उघडली, ती अण्णांच्या शिंगांत. अण्णा उधळले. रॉकेट त्यांच्यामागून माळभर फरफटलं.

नळी दोन जागी मोडली. भोपळा फुटला. चारही हार शाबूत राहिले. माळ गव्यांना मिळाला.

तात्पर्य: बाळांनो, रॉकेट पुढे कितीही उंच जाणार असो, उडण्याआधी त्याचं टोक अध्यक्षांच्या मानेला पोचेल एवढंच ठेवावं.