‘अ’ बाटलीचा गुण

सुनेनं फ्रिज उघडला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘अ’ बाटलीचं बूच निघालेलं होतं आणि सासरे डाव्या डोळ्यावर रुमाल धरून समाधानानं बसले होते.

ती प्रयोगशाळेत उंदरांच्या डोळ्यांवर काम करायची. शरीराचे रखवालदारच घरच्या डोळ्यावर तुटून पडतात, असा आजार उंदरांना मुद्दाम जडवायचा आणि मग थेंब घालून बघायचं. एका बाटलीत औषध, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. कशात काय, हे तिला कळू द्यायचं नाही. कळलं की तपासणारी नजर फितूर होते. गुपित फक्त तिच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडे होतं. नेमका तिथला फ्रिज बंद पडला, म्हणून सुटीपुरत्या बाटल्या घरी आल्या होत्या. हात लावू नका, असं तिनं घरात बजावलंही होतं.

“बाबा, ते उंदरांसाठी आहे.”

“तेच म्हणतोय मी. उंदरांना थेंब, आणि सासऱ्याचा डोळा चुरचुरला तर डॉक्टरकडे जा. पण गुण मात्र झकास. ‘अ’ हेच खरं औषध, माझ्याकडून ऐक.”

जे कळू नये म्हणून इतका खटाटोप, ते यांनी सोफ्यावर बसून जाहीर केलं होतं. तिनं मैत्रिणीला फोन लावला. “बाटलीत काय आहे ते सांगू नकोस. बाबांना धोका आहे का, एवढंच सांग.”

मैत्रीण उखडली. “धोका नाही म्हटलं की तुला कळलंच ना. त्यांना डॉक्टरकडे ने, मी डॉक्टरांशी परस्पर बोलते.”

डॉक्टरांनी डोळा पाहिला, फोनवर मैत्रिणीचं ऐकलं आणि मख्ख चेहऱ्यानं दोघांना घरी पाठवलं. तोवर सासऱ्यांनी बाहेर बसलेल्या सगळ्यांना ‘अ’चा महिमा ऐकवला होता.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी तर तिचं काहीच ऐकून घेतलं नाही. तिचे कान विटाळले होते, म्हणून उंदीर तपासायचं काम दुसऱ्याला गेलं. तेही अशा सहकाऱ्याला, जो उंदीर हातात धरताना स्वतःचेच डोळे मिटायचा. तिचा इतका जीव जळला की तिनं सासऱ्यांशी बोलणंच टाकलं.

प्रयोग संपला, गुपित फुटलं. ‘ब’च्या उंदरांचे डोळे निवळले होते, ‘अ’च्यांचे सुजलेलेच. ‘अ’मध्ये मिठाचं पाणी होतं. हे ऐकवण्यासाठी तिनं अबोला मोडला आणि चपलाही न काढता सासऱ्यांसमोर उभी राहिली.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“‘अ’चे उंदीर खोटं बोलतायत,” ते म्हणाले. “आणि तू घरच्या माणसाचं सोडून त्यांचं ऐकतेस.”