शेषरावांनी पाहिलेलं मिसर

तेल्हाऱ्याच्या शेषरावांनी एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं. "मी मिसर पाहून येतो," असं चावडीवर सांगून त्यांनी गाडी जुंपली.

याचं मूळ एका साहेबात होतं. अमेरिकेतल्या लढाईपायी वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा तो मिसर देशाची, म्हणजे इजिप्तची, सरकी वाटत गावात आला होता. पऱ्हाटी माणसाहून उंच वाढली, पण बोंड म्हणून धरलं नाही. जाता जाता साहेब सांगून गेला, की समुद्रापलीकडे मिसरात मोठी नदी आहे, काठावर माणसांनी रचलेले दगडाचे डोंगर आहेत आणि त्यांत मेलेले राजे झोपलेत. सरकी वाया गेली. हे बोलणं मात्र शेषरावांच्या मनात असं रुजलं, की घास गोड लागेना. सारा जन्म काळ्या मातीत गेलेला. एकदा तो डोंगर डोळ्यांनी पाहावा, एवढंच वाटे.

अकोल्याला आगगाडी नवीनच आली होती. स्टेशनातल्या पुणेरी बाबूला ते म्हणाले, "मले मिसरले जायचं हाय."

"मिसरकडे ना? मग तिकीट कशाला? मोर्णेपलीकडे, चिंचेखालची खोली."

इतक्या जवळ! साहेबलोकांना बोलण्यात सात समुद्र घालायची खोडच असते, असं म्हणत शेषराव नदी उतरून गेले. चिंचेखाली एक जानवंवाला गृहस्थ कणीक मळत बसला होता.

"मिसर इथंच काय, महाराज?"

"हाँ भैया, यहीं."

"मोठी नदी हाय म्हन्ते. काठानं दगडाचं लय उंच बांधेल हाय म्हन्ते."

त्याचा हात परातीतच थांबला. "बहुत ऊँचा, भैया. सीढ़ी पर सीढ़ी."

"आन् मेलेले राजे?"

"राजा-महाराजा मरने वहीं तो आते हैं," म्हणत तो पिठाच्या हातानं डोळे पुसू लागला. अकोल्यात सगळे त्याला पुऱ्या झाल्या का एवढंच विचारत. घरचं कुणी विचारलंच नव्हतं.

शेषरावांनाही गलबलून आलं. "मंग नेता काय मले?"

"मैं ही कहाँ जा पाता हूँ? काशी यहाँ से बहुत दूर है."

"काशी? आन् मिसर?"

"मिसर तो मैं हूँ. यही नाम है मेरा. रेलवालों का रसोइया."

घरी बायको, पार्बताबाई, दारातच उभ्या होत्या. "पाह्यलं काय मिसर?"

"पाह्यलं."

"कसं हाय?"

शेषराव पागोटं काढत म्हणाले, "गरीब हाय बिच्चारं. घरची याद आली का रडते."