खोबरेल तेल आणि बर्फाचा चढ

"अहो, केसांचं तेल त्या फळ्यांना काय चोपडताय?" कुंदाने विचारलं.

"मेण आणायचं राहिलं गं. घसरल्याशी मतलब!" विष्णू परब स्कीच्या तळाला खोबरेल घासत म्हणाला.

दुबईच्या अल बर्शा भागातल्या मॉलच्या बर्फघरात एका क्लबाने बापलेकींची शर्यत ठेवली होती. स्की घालून आधी चढ चढायचा, मग घसरत खाली यायचं; दोन्हींना वेगळी बक्षिसं. वसंतातल्या डोंगराची मजा यावी म्हणून खाली बर्फाचा चिखल आणि वर काचेसारखा गुळगुळीत बर्फ करून ठेवला होता. तरुणपणी आपण हिमालय पालथा घातला, अशा थापा विष्णूने लेकीला, रिद्धीला, ती पाळण्यात असल्यापासून मारल्या होत्या. प्रत्यक्षात त्याने मनालीत भाड्याच्या स्कीवर फोटो काढला होता, तोही झाडाला धरून. आता पोरीसमोर अब्रूचा प्रश्न होता.

चढताना पकड मिळावी म्हणून स्कीखाली केसाळ पट्टी चिकटवतात. विष्णूची पट्टी तेलामुळे पहिल्याच पावलाला सुटली. तो घाबरला. पण घसरेल कसला! दुबईच्या उन्हात बाटलीतलं तेल बारा महिने पातळ पाहून, खोबरेल थंडीत गोठतं हेच तो साफ विसरला होता. तळाला तेल थिजलं, त्यावर बर्फाचे गोळे चिकटले आणि बाकीचे ओल्या पट्ट्यांवरून मागे घरंगळत असताना विष्णू घोरपडीसारखा चिकटत सगळ्यांच्या आधी वर पोचला.

"बाबा, यू आर अमेझिंग!" रिद्धी मागून धापा टाकत आली. "यल्ला, चल, रेस यू डाउन!"

विष्णूने जोर लावला. स्की ढिम्म हलेनात.

"तू हो पुढे. खरा डोंगरवाला उतरायची घाई करत नाही."

ती सुसाट गेली. वर उभा असलेला स्की शिकवणारा रफिक केरळातल्या कोळिकोडचा. तो विष्णूच्या स्कीशी वाकून हुंगू लागला.

"भाईसाब, ये मेरी अम्मा के बालों की खुशबू कहाँ से आ रही है?"

"स्पेशल वॅक्स है," विष्णू कुजबुजला. "बेटी को मत बोलना."

"खलास, नहीं बोलूँगा," म्हणत रफिकने त्याला बखोटीला धरून खाली आणलं.

चढाईचं पहिलं बक्षीस विष्णूलाच मिळालं. जॉर्जियाच्या खऱ्या डोंगरावर स्कीची सहल, बापलेकींसाठी!

"फायनली, बाबा! आता मला खरं डाउनहिल दाखव," रिद्धीने त्याला मिठी मारली.

विष्णूचा चेहरा उतरला. कुंदाने मात्र शांतपणे पर्समधून खोबरेलाची बाटली काढली.

"तिथे थंडी फार असते म्हणे. मोठी बाटली देऊ ना हो?"