फुलझडी गर्ल्सच्या वानखडे मॅडम

वानखडे मॅडमच्या जगात नऊ हा आकडाच नव्हता. एक ते आठ, आणि परत एक. जिना चढताना, दूध तापायची वाट बघताना, बँकेच्या रांगेत उभं असताना त्यांचे ओठ हलत असायचे. केळीवाल्याला त्या म्हणायच्या, "एक लाइन दे अन् वर अर्धी." लाइन म्हणजे आठ. त्याला आता सवयीने कळायचं की बाईंना डझनभर केळी हवी आहेत.

आमच्या नाचाच्या ग्रुपमधल्या एका मुलीचं लग्न होतं. पाठवणीच्या वेळी ती आईच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली, तशा मॅडम गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. "अवं, असं रडतात काय? दम लागते. चार आकड्याईत श्वास घे, चार आकड्याईत सोड. हं, एक, दोन..." पोरगी रडता रडता हसायला लागली. नवरदेवाकडची माणसं मात्र घाबरली. ही बाई कोण आणि सुनेला काय करायला लावते आहे, हे त्यांना कळेना.

मॅडम अमरावतीला आमच्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवत. सुती पातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. लग्न केलेलं नव्हतं. एका वर्षी स्नेहसंमेलनात मोठ्या मुलींनी लेझीम करायला साफ नकार दिला आणि टेपवर धडाडधूम वाजणारं एक पॉप गाणं लावून दाखवलं. सगळ्या शिक्षिकांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी मात्र डोळे मिटून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणजे मोजलं. मग म्हणाल्या, "याच्यात लेझीमच हाय. फक्त हातात लेझीम नाई."

असा 'फुलझडी गर्ल्स' हा आमचा डान्स ग्रुप निघाला. पाच मुली. रोज संध्याकाळी साडेपाचला शाळेच्या हॉलमध्ये तालीम. गणपती, शारदोत्सव, लग्नाची संगीत संध्याकाळ, कुठल्या कुठल्या गावची जत्रा. आम्ही एस्टीने जायचो. मॅडमच्या मांडीवर टेपरेकॉर्डर असायचा, आणि त्याला ऊन लागू नये म्हणून डोक्यावरचा पदर त्याच्यावर.

ड्रेस शिवले रुबीनाच्या अब्बांनी. रुबीना आमच्यातली सगळ्यात उंच मुलगी आणि तिचे अब्बा टेलर. चमकीचं कापड बेताचंच होतं, तरी मॅडम त्यांना बजावत होत्या, "मास्तर, शिवणीत माया सोडा. पोट्ट्या बदलतीन, ड्रेस तेच राहतीन."

आणि मुली बदलत गेल्याच. एकीचं लग्न झालं, एकीला नर्सिंगला नंबर लागला, एकीच्या वडिलांनी गावचं सगळं आवरून सुरतेची वाट धरली. एक गेली की मॅडम शाळेच्या मैदानावर खो-खो बघत उभ्या राहायच्या आणि दुसरी उचलून आणायच्या. मी अशीच डाव्या कोपऱ्याच्या जागेवर आले. त्या जागेवरची तिसरी. माझ्या ड्रेसच्या शिवणीत आधीच्या दोघींच्या टाक्यांची भोकं दिसायची.

एकदा आमची कॅसेटसुद्धा निघाली. गाणं मॅडमनीच लिहिलं होतं. 'ऊन म्हणते थांब जरा, पाय म्हणते चाल' असं त्याचं ध्रुवपद होतं. छापखान्यातून कव्हर यायला इतका उशीर झाला, की तोवर फोटोतल्या दोघी सासरी जाऊन पोचल्या होत्या. दर्यापूरला एका माणसाने कॅसेट हातात घेऊन विचारलं, "मॅडम, याच्यातल्या ह्या दोघी त दिसून नाई राहिल्या?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "फोटो ग्रुपचा हाय. पोट्ट्याईचा नाई."

पुढे दिवस फिरले. सलग काही वर्षं कापसाने गावांना रडवलं. कुठे पाऊस दगा द्यायचा, कुठे भाव. वर्तमानपत्र उघडलं की आमच्याच बाजूच्या एखाद्या गावाचं नाव वाईट बातमीत असायचं. मंडळांनी आधी ऑर्केस्ट्रा बंद केले, मग आम्हाला बोलावणं. लग्नं घरातल्या घरात उरकायला लागली.

त्यातच एका गणपतीत हिवरखेडचं बोलावणं आलं. चार तास एस्टी बदलत आम्ही पोचलो तर मांडव नाही, स्टेज नाही. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे विशीतला मुलगा, तो मान खाली घालून उभा. "मॅडम, यंदा नाई जमलं. तुमाले फोन केला होता, लागलाच नाई. लाइट बी नाई संध्याकाळलोक."

"लाइटीवर नाचते काय कोनी?" मॅडम म्हणाल्या. "बायाईले बलाव."

"बायाईले?"

"होय. दरसाली पोट्टेच पुढं बसून शिट्ट्या मारतात. आज शिट्टी मी मारतो."

भर दुपारी शाळेच्या मैदानात लिंबाखाली बाया जमल्या. बऱ्याचजणी निंदण टाकून तशाच आलेल्या, हाताला माती, डोक्याला फडकं. टेप मुका होता. मॅडमनी शिट्टीवर ताल धरला आणि आम्ही स्वतःच गात नाचलो. मॅडम घामाने निथळत होत्या, पण ताल एकदाही सुटला नाही. दुसऱ्या गाण्याला एक म्हातारी उठली आणि आमच्या ओळीत येऊन उभी राहिली. मॅडमनी तिलाही सोडलं नाही. "आजी, डावा पाय आधी! डावा!" बाया लोळून हसल्या. निघताना एक तरणी बाई माझा हात धरून म्हणाली, "तीन मह्यन्यात आज पैल्यांदा हासली मी." तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं, ते तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघून आम्ही विचारलं नाही.

परतीच्या एस्टीत मॅडम मोजत नव्हत्या.

त्यानंतरच्या वर्षात आम्ही पाचाच्या चार झालो, चाराच्या तीन. तिसरी सुनीता, ती पुण्याला कारखान्यात कामाला गेली. मी आणि रुबीना, दोघीच उरलो. आणि तेव्हाच मला अकोल्याचं स्थळ आलं. मोटारपंप दुरुस्तीचं दुकान असलेला मुलगा. मला तो आवडला होता. पण त्याच्या आईने निरोप पाठवला, "स्टेजवर नाचनारी पोरगी आमाले नको." मी दोन दिवस तालमीला गेले नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमनी रजा टाकली आणि कोणालाही न विचारता अकोल्याची गाडी धरली.

तिथे काय झालं ते मला नवऱ्याने सांगितलं. सासूबाईही ते सांगतात आणि दर वेळी त्यात थोडी भर घालतात.

मॅडम ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "वंदना नाचते म्हनून नाई म्हनता काय?"

सासूबाई म्हणाल्या, "मंग? लोक काय म्हनतीन?"

"ते मले नाई मालूम. मले एवढं मालूम हाय, का पोट्टी सहा वर्षं नाचून राहिली. उन्हात, धुळीत, एस्टीत उभ्यानं जाऊन. बाजूची चुकली त तिची चूक झाकाले आपन पुढं होते. अशी सून चालून येऊन राहिली अन् तुमी दार लावून राहिल्या. काहून?"

सासूबाईंनी विचारलं, "पन नाचते म्हन्जे असं नाचते तरी काय?"

तशा मॅडम उठल्या. पातळाचा पदर खोचला आणि पन्नाशी उलटलेल्या त्या बाईने ओसरीवर, कॅनव्हासच्या बुटांत, माझ्या डाव्या कोपऱ्याचा सगळा नाच मोजत मोजत करून दाखवला. गिरकीला खांब आडवा आला, तर त्यालाही वळसा घातला. शेजारच्या बाया कुंपणावर जमल्या. सासूबाई आधी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, मग पोट धरून हसायला लागल्या. हसता हसता म्हणाल्या, "बसा वं बाई, पडसान! करू आपन लगन."

मॅडमनी येऊन मला सांगितलं तेव्हा मी आधी रडले आणि मग विचारलं, "मॅडम, पण माह्या जागी कोन?"

"पाहून ठेवल्या हायेत दोन पोट्ट्या," त्या म्हणाल्या. "तू तुहं पाह्य."

लग्नानंतरच्या दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा रुबीनाकडे गेले. ती अब्बांच्या दुकानात काजं करत बसली होती. मी नव्या मुलींबद्दल विचारलं.

"कोन नव्या?" रुबीना म्हणाली. "कोनीच नवतं गं. तू गेल्यावर थोडे दिवस मी एकलीच जात होती. मंग मॅडमच म्हनल्या, बेटा, अब्बाले मदत कर."

मी तशीच मॅडमच्या खोलीवर गेले. त्या पेपर वाचत बसल्या होत्या. मी चप्पलही न काढता विचारलं, "खोटं काहून बोलल्या मॅडम?"

त्यांनी चष्मा काढला. "खरं सांगतलं असतं त तू लगन पुढं ढकललं असतं."

ते खरंच होतं, मी ढकललं असतं.

"तसं दोघीजनीनं केलं होतं आधी, माह्यासाठी," त्या म्हणाल्या. "एकीचं स्थळ मोडलं त्याच्यात. मले ते नाई सहन होत." मग पेपरची घडी घालून म्हणाल्या, "जेवून जाय आता. एकलीसाठी भाकर थापाचा लय कंटाळा येते मले. परवापासून चहा-टोस्टावरच हाय मी."

मी पदर खोचून परात घेतली. त्या दारात पाय पसरून बसल्या आणि एकेकीचं विचारायला लागल्या. कोणाला काय झालं, कोणाची सासू कशी आहे. मला चार-पाच जणींचंच माहीत होतं. बाकीच्यांचं त्यांनीच मला सांगितलं. नर्सिंगवालीची बदली मेळघाटात झाली होती, सुरतेच्या पोरीला जुळं झालं होतं, आणि पुण्याला सुनीताच्या खोलीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं.

तिसरी भाकरी तव्यावर टाकली तेव्हा मी विचारलं, "बस ना मॅडम, एवढ्या?"

"अजून एक टाक," त्या म्हणाल्या. "सकाळले व्हईन."